त्रेसष्ट अंश, तीस मिनिटं

आमच्या गोमाईनं पहिल्या दिवशी पाऊण लिटर दूध दिलं आणि ते पातेलं ओट्यावर टेकायच्या आत आमच्या घरात दोन पक्ष पडले.

गोमाई म्हणजे शेळी. दुसरीचं नाव सुसरी. मी लोणखेड्याला एका शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे घरच्या जनावरांना आपल्या भागातल्या नद्यांची नावं द्यायचा मला अधिकार आहे असं मी मानतो. दोघींना मी खापरच्या बाजारातून, फुलीबाई नावाच्या डोंगराकडच्या बाईंकडून आणलं. त्यांनी दोर माझ्या हातात देताना एकच प्रश्न विचारला, "दूध तुम्ही पिणार, मग पिलं काय पिणार?" मी घाईघाईनं म्हणालो, "अर्धं त्यांचं." त्या बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मगच दोर सोडला. या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला तेवढाच एक मुद्द्याचा सल्ला. बाकीचे सगळे फुकट मिळाले आणि त्याच लायकीचे होते.

तर, दोन पक्ष. पहिला माझ्या मायचा. माय बहात्तर वर्षांची, बोलते ती अहिराणी. तिचं म्हणणं, धार काढली की फेस बसायच्या आत लोटा तोंडाला लावायचा.

"बकरी रानना बठ्ठा पाला खास," ती म्हणाली. बठ्ठा म्हणजे सगळा. "तिन्हा दूधमा औषध ऱ्हास. तू ते चुल्हावर ठेवं का मरनं ते औषध."

दुसरा पक्ष माझ्या बायकोचा. आशा आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. तिला कच्चं दूध हे दोन शब्द शेजारी शेजारी आलेलेसुद्धा चालत नाहीत. "अहो, कच्च्या दुधातून असा ताप येतो की महिनोन्‌महिने जात नाही. सांधे धरतात. माणूस वाकतो. दुधाला तीन उकळ्या आल्याच पाहिजेत."

बायकोची बाजू शास्त्राची, आईची बाजू आईची. मी आधी शास्त्राकडे गेलो. दुधाला तीन उकळ्या दिल्या. तिसऱ्या उकळीला जो वास सुटला तो असा, की जणू दोन्ही शेळ्या पावसात भिजून आमच्या स्वयंपाकघरात अंग झटकत उभ्या आहेत. मायनं पदर नाकाला लावला. आशानं पेलाभर ओतून घेतलं, एक घोट घेतला आणि तिला एकदम आठवलं की केंद्रात लसीकरण आहे. ते दूध तत्त्वासाठी मी एकट्यानं प्यायलो. तत्त्वाची चव दिवसभर तोंडात राहिली.

मग मी वाचन केलं. दूध त्रेसष्ट अंशांवर तीस मिनिटं धरून ठेवलं आणि लगेच थंड केलं की रोगजंतू मरतात आणि चव राहते. उकळायला नको, कच्चंही नको. आईचा मान राहतो, बायकोचं शास्त्र राहतं. इतका सरळ तोडगा या घरात यापूर्वी कुणालाच सुचला नव्हता, याचं मला जरा वाईटच वाटलं. मी दोघींना समोर बसवून सांगितलं, "आजपासून या घरात शेळीचं दूध त्रेसष्ट अंश, तीस मिनिटं. एक अंश कमी नाही, एक मिनिट कमी नाही."

माझा स्वभाव मऊ आहे असं सगळे म्हणतात. बदली झाली तेव्हा मी बोललो नाही, निवडणुकीची ड्युटी लागली तेव्हा बोललो नाही. पण एखादी गोष्ट मनानं घेतली की मग घेतली.

पहिली अडचण, अंश मोजायचे कशानं? आशाच्या बॅगेत ताप मोजायचा थर्मामीटर होता. तो मी दुधात धरला. त्यानं एकदा कण्हल्यासारखा आवाज केला, आकड्यांच्या जागी एक इंग्रजी अक्षर दाखवलं आणि कायमचा गप्प झाला.

"तो माणसांसाठी आहे," आशा म्हणाली. "त्रेसष्ट ताप आलेला माणूस अजून आमच्या केंद्रात आलेला नाही."

शाळेच्या प्रयोगशाळेत काचेचे तापमापक आहेत. पण प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली विज्ञानाच्या सरांकडे, आणि किल्ली द्यायला त्यांना लागतो लेखी अर्ज, आणि अर्जावर लागते मुख्याध्यापकांची सही. अर्जाचा छापील नमुना होता. त्यात 'घटक' असा रकाना होता, तिथे मी 'उष्णता' लिहिलं. 'विद्यार्थी संख्या' या रकान्यात खूप विचार करून 'दोन' लिहिलं, कारण शिकवायचं होतं ते माय आणि आशा या दोघींनाच.

मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला. "भूगोलात तापमापक कशाला, सर?"

"दुग्धव्यवसाय," मी म्हणालो.

"त्यात तापमापक येतो?"

"आला पाहिजे, सर," मी म्हणालो. यातला 'पाहिजे' मी इतक्या जोरात उच्चारला की त्यांनी सही केली. अर्ज टेबलावरून टेबलावर फिरून तापमापक हातात यायला आठ दिवस लागले. आठ दिवस दोन्ही पिलांनी मजा केली.

आता खरं काम सुरू झालं. गॅस बारीक केला की पारा अठ्ठावन्नला अडून बसे. जरा मोठा केला आणि पाठ वळवली की एक्क्याऐंशी. उतरवावं तर बावन्न. तीस मिनिटं हा किती लांबलचक काळ आहे, हे शिक्षक असूनही मला ठाऊक नव्हतं. शाळेतला तास याहून मोठा असतो, पण तिथे मी बोलत असतो आणि सहन दुसरे करतात. इथे मी गप्प आणि दूधही गप्प. एकदा बरोबर चोविसाव्या मिनिटाला केंद्रप्रमुखांचा फोन आला, शाळेच्या आवारात लावलेल्या झाडांचे फोटो आत्ताच्या आत्ता पाठवा. मी मोबाइलमध्ये ती झाडं शोधेपर्यंत दुधानं ओटा ओलांडून शेगडीच्या पोटात आसरा घेतला होता.

गल्लीला हे सगळं दिसत होतं, कारण आमच्या स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे आहे. भटूआप्पा, म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, समोरच राहतात. सकाळी पेपर घेऊन ते त्या खिडकीशीच उभे राहू लागले.

"सर, तो काचना तुकडा ठेवी द्या," ते म्हणाले. "बोट बुडाडी दखा. चटकनं म्हणजे त्रेसष्ट. हात भाजना म्हणजे सत्तर."

शेजारच्या प्रमिलाबाईंना पाश्चरीकरण हा शब्द एकदा समजावून सांगितला, दोनदा समजावून सांगितला. तिसऱ्या दिवशी त्या नळावर कुणाला तरी सांगत होत्या, "सर रोज दूधनी पंचारती करतस. अर्धा घंटा!"

हसला नाही तो एकटा जहीरभाई. जहीरभाईंचं कोपऱ्यावर शेगड्या आणि कुकर दुरुस्तीचं दुकान आहे. दूध पोटात गेलेली आमची शेगडी मी त्यांच्याकडे नेली, तर त्यांनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "दूध कितलं ऱ्हास सर? आनी कितला येळ गरम ठेवनं शे?" गल्लीत मला विचारला गेलेला हा पहिला गंभीर प्रश्न. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आंच थेट दूधले लागाले नको. भायेर पानी, मधमा दूध. आनी दूध हालतं ऱ्हायना पाहिजे."

चार दिवसांनी त्यांनी यंत्र आणलं. मोठ्या डब्यात पाणी, त्याच्या आत लिटरभर दुधाचा स्टीलचा डबा, झाकणाला तापमापकासाठी भोक आणि मधोमध जुन्या टेबलफॅनच्या मोटरीवर चालणारी ढवळणी. मला ते इतकं देखणं वाटलं की मी त्याला हळद-कुंकू लावायच्या बेतात होतो. बटण दाबलं. त्यानंतरचं मला तुटक आठवतं. माझ्या चष्म्याला काही दिसेना. घरात एकाएकी शांतता झाली आणि त्या शांततेत छतावरून थेंब पडू लागले. माय दारात उभी होती. तिच्या केसांत फेस होता.

"पह्यलांदाव दखी ऱ्हायनू," ती म्हणाली. "बकरी खाले आनी दूध वर."

जहीरभाईंनी छताकडे बघितलं, मोटरीकडे बघितलं. "तीन नंबरवर व्हती," ते म्हणाले. "एक नंबरवर पाहिजे व्हती." आणि छत पुसायला त्यांनी स्वतः खुर्ची ओढली.

एक नंबरवर मात्र ते चाललं. पारा त्रेसष्टवर आला आणि तिथेच राहिला. तीस मिनिटं मी त्याच्याकडे बघत होतो, त्यानं मान हलवली नाही. दूध बर्फाच्या पाण्यात थंड केलं. वास नाही, चव गोड. आशा अर्धा पेला प्यायली आणि म्हणाली, "बरं लागतंय." आमच्या संसारात 'बरं' हा शब्द तिनं यापूर्वी फक्त माझ्या ट्रेकिंगच्या बुटांबद्दल वापरला होता. मायनं मात्र पेला हातानं सरकवला. "मरेल दूध मी नही पेस." मी आग्रह केला नाही. हळूहळू वळेल, असं मला वाटलं.

यानंतर तापाची साथ आली. घरोघरी कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलं, आणि कुठून तरी असं पसरलं की शेळीचं कच्चं दूध प्यायलं की रक्तातल्या पेशी वाढतात. सकाळी सहाला माझ्या दाराशी लोटे, बाटल्या, एक तर चक्क औषधाची रिकामी बाटली घेऊन माणसं उभी. मी म्हणालो, जरूर देतो, अर्ध्या तासात तापवून देतो.

"तापाडेल नको, कच्चंच जोयजे," सगळ्यांचं एकच.

"कच्चं देणार नाही. आजारी माणसाला तर मुळीच नाही."

लोक भांडी घेऊन परत गेले. जाताना बोलत गेले. भटूआप्पांनी पेपर स्वतःच्या ओट्यावर बसून वाचायला सुरुवात केली. प्रमिलाबाई नळावर म्हणाल्या की दूध देनं नही म्हणीसन हाऊ बहाणा शे. शाळेत पोरं मला 'त्रेसष्ट सर' म्हणू लागली. एकदा फळ्यावर कर्कवृत्ताचे अंश लिहीत होतो तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तीस मिनिटं थांबू का?" मला लागलं, हे कबूल करतो. पण मी माझ्या जागेवरून हललो नाही. रोज सकाळी त्रेसष्ट, रोज सकाळी तीस.

एवढंच की दूध कमी होऊ लागलं. गोमाई पाऊण लिटरवरून अर्ध्यावर आली, सुसरी त्याहून खाली. मी सुबाभळीचा पाला वाढवला, मक्याचा भरडा सुरू केला, शेळीच्या मानसिक ताणाबद्दलही वाचलं. मायला विचारलं, तर ती म्हणाली, "हवा बदली ऱ्हायनी." मला ते पटलं. हवामान हा माझाच विषय.

एका सोमवारी मायला ताप भरला. अंग फणफणलेलं, डोळे दुखतात, सांधे दुखतात. मंगळवारीही उतरेना, तेव्हा आशानं आणि मी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घ्यायला सांगितलं आणि लिहिता लिहिता विचारलं, "घरी जनावरं आहेत? कच्चं दूध वगैरे पिण्यात?"

मी इतके दिवस याच प्रश्नाची वाट बघत होतो. खुर्चीत ताठ बसलो. "डॉक्टर, दोन शेळ्या आहेत. पण आमच्या घरात त्रेसष्ट अंशांखालचा एक थेंबही कुणाच्या ओठाला लागत नाही. मी स्वतः—"

"मी पेस," माय म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवून वर बघितलं.

"रोज पेस," ती डोळे मिटूनच म्हणाली. "तू शाळामा जास तव्हय. दुपारले धार काढस मी. प्रमिलाबाईले बी देस. भटूले बी. प्रमिलाबाईना मांगे राहतंस त्या लोकेसले बी. बठ्ठासना घरमा ताप, मंग काय त्यासले तीस मिनिट थांबाडू?"

"किती घरं, माय?" आशानं विचारलं.

मायनं बोटं मोजली. "सात."

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला एक लहान खिडकी आहे. तिच्यातून लोटे जात होते. मी समोरच्या खिडकीत तापमापक धरून अपमान सोसत होतो आणि माझ्याच घराच्या मागच्या खिडकीतून माझीच आई गल्लीभर कच्चं दूध वाटत होती. मला रागवायचं होतं, पण तापानं तिचे ओठ सुकलेले होते, आणि त्या ओठांनी ती पुटपुटली, "त्यासना पोऱ्याले उतार पडना म्हणे." डॉक्टर म्हणाले, बहुधा डेंगी आहे. पण कच्च्या दुधातून येणारा ताप नाही ना, हेही बघू. त्या तपासणीला वेळ लागेल. शेळ्यांचंही रक्त तपासून घ्या. आणि तोवर त्यांचं दूध कुणालाच नको.

दुसऱ्या दिवशी डेंगीच निघाला. आशानं घरीच दवाखाना मांडला. रोज रक्त तपासायचं, पाणी पाजत राहायचं, पेशी फार खाली गेल्या तर भरती करायचं. मी रजा टाकली आणि शेळ्या घेऊन निघालो. जहीरभाईंनी ओळखीची लोडिंग रिक्षा आणली. गोमाई माझ्या मांडीवर बसून शहाद्याच्या रस्त्यानं गेली. वाटेत माझे तीन माजी विद्यार्थी भेटले, तिघांनीही नमस्कार केला. शेळीला की मला, ते मी विचारलं नाही.

जनावरांच्या दवाखान्यात खिडकीमागच्या गृहस्थांनी आधी दोघींच्या कानांकडे बघितलं. "बिल्ला कुठाय? बिल्ल्याचा नंबर नसेल तर नोंद होत नाही. नोंद नसेल तर नमुना जात नाही."

"मग बिल्ला मारा."

"बिल्ले शिबिरात मारतात. शिबिर झालं." त्यांनी अर्ज उलटा करून वाचला, मग सुलटा केला. "रोगाची लक्षणं लिहिली नाहीत."

"शेळ्यांना काही झालेलं नाही."

"मग तपासणी कशाला?"

"माझ्या आईला ताप आहे."

"मग आईला माणसांच्या दवाखान्यात न्या ना, सर."

शेळ्यांनी तो अर्ज खाऊन टाकला असता तर मी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी हुंगलासुद्धा नाही. अर्ज त्या गृहस्थांच्याच टेबलावर कुठेतरी गेला, आणि मी दुसरा लिहिला. त्यात लक्षणं या रकान्यात लिहिलं, 'सात घरांनी दूध प्यायलं आहे.' मग व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. एका बाजूला गोमाई, दुसऱ्या बाजूला सुसरी. अकरा वाजले, बारा वाजले. गृहस्थ डबा खाऊन आले, मी बसलेलो. ते म्हणाले, उद्या या. मी म्हणालो, "मी आहे की." दोनच्या सुमाराला गावांची फेरी करून डॉक्टर मॅडम आल्या. तरुण होत्या, बूट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. त्यांनी अर्ज वाचला, 'सात घरांनी' इथे थांबल्या आणि आतून स्वतःच बिल्ल्याची पक्कड घेऊन आल्या. बिल्ले, नोंद, रक्त, सगळं दहा मिनिटांत झालं. "तुम्ही दूध तापवून पीत होतात?" त्यांनी विचारलं. "किती अंशांवर?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर." त्या चिखलानं भरलेल्या बुटांना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

आता उरली सात घरं. आशा म्हणाली, सांगायला तर हवंच. पण माय उठू शकत नव्हती, म्हणून मी गेलो.

प्रमिलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गुडघ्यावर हात ठेवला. "हाऊ गुडघा मन्हा पंधरा वरीसथून दुखस सर. आते समजनं काबर."

"बाई, शेळी घेऊन मला चार महिने झालेत."

"तेच तं," त्या म्हणाल्या.

भटूआप्पा म्हणाले, "तुम्ही कच्चं देत नव्हतात तव्हय माले राग उना व्हता. आते दिधं म्हणीसन राग ई ऱ्हायना."

"मी नाही दिलं, आप्पा. मायनं दिलं."

"माय कोनी शे?" भटूआप्पांनी विचारलं. तरी सातही घरांतून, शिव्या खात, ताप आला तर डॉक्टरांना कच्च्या दुधाचं आधी सांगा, हे मी सांगून आलो. दोन दिवस गल्लीतल्या प्रत्येकाचा प्रत्येक सांधा दुखत होता आणि प्रत्येक सांध्यासाठी मी जबाबदार होतो.

शुक्रवारी दुपारी मॅडमचा फोन आला. दोन्ही शेळ्या निर्दोष. मायचा तो दुसरा अहवालही तासाभरात आला, तोही निर्दोष. ही बातमी मी सांगायच्या आधीच गल्लीत पोचली आणि गल्लीचे सांधे झटक्यात बरे झाले.

बरी होत नव्हती ती माय. ताप उतरला होता, पण पेशी रोज खाली चालल्या होत्या आणि चार दिवसांत तिनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. भात नको, पेज नको. क्षारसंजीवनीचा पेला दिला की एक घोट घ्यायची आणि भिंतीकडे वळायची. बोलतही नव्हती. मला गप्प माय ठाऊक नाही. आशानं चार वाजता मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "आज संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नंदुरबारला भरती करू. मी गाडी सांगून ठेवते."

तेवढ्यात दारात माणसं आली. पुढे प्रमिलाबाई, हातात लोटा. मागे भटूआप्पा, हातात लोटा. त्यांच्या मागे जहीरभाई आणि त्यांच्या पत्नी रशिदा, त्यांच्या हातात किटली. माझ्या शेळ्यांचं दूध बंद आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून जो तो आपापल्या ओळखीच्या शेळीचं दूध घेऊन आला होता. भटूआप्पा त्यासाठी सायकलवर तीन गावं फिरले होते.

"पाजा सर," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आत्तेच काढेल शे. तिन्ही आम्हाले दिधं, आते आम्हीन तिले देतस."

आशानं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की दुधानं पेशी वाढत नाहीत, पण पोटात जाईल ते चांगलं. आत अंथरुणावर चार दिवस उपाशी आई. दारात तीन प्रकारचं ताजं दूध. आणि त्या शेळ्यांपैकी एकीचाही कान मी बघितलेला नव्हता.

"देतो," मी म्हणालो. "अर्ध्या तासात."

"सर!" भटूआप्पा ओरडले. "ती तठे पडेल शे आनी तुम्हीन—"

"तीस मिनिटं, आप्पा. माझ्या शेळ्या निर्दोष निघाल्या. या कुणाच्या, ते मला माहीत नाही. तिच्या पोटात मी हे असं घालणार नाही."

प्रमिलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आत गेलो, मायच्या खाटेशी उकिडवा बसलो. "माय, दूध आलंय. तापवून देतो. थांबशील?"

तिनं डोळे उघडले. "कर," ती म्हणाली. "पन आठे कर. मन्हासमोर."

मग शेगडी, सिलिंडर, यंत्र, सगळं तिच्या खोलीत आलं. जहीरभाईंनी आच जुळवली. मी झाकणातून तापमापक सोडला. मोटर एक नंबरवर. पारा चढला, त्रेसष्टला थांबला, मी वेळ लावली. खोलीत मायसकट सात माणसं, आणि सगळ्यांचे डोळे पाऱ्यावर.

अकराव्या मिनिटाला वीज गेली.

ढवळणी थांबली. पारा चौसष्ट, पासष्ट. मी नुसता बघत राहिलो. प्रमिलाबाईंनी मला खांद्यानं बाजूला सारलं, झाकण उचललं, डाव घातला आणि ढवळू लागल्या. "कितला शे, सर? सांगा!" "हळू, बाई. उतरतोय. चौसष्ट. त्रेसष्ट. असंच!" जहीरभाईंचा हात गॅसच्या बटणावर, केसभर इकडे, केसभर तिकडे. रशिदा मोबाइलचा उजेड पाऱ्यावर धरून उभ्या. घामानं डबडबलेल्या आशानं मायला वारा घालायला पुठ्ठा घेतला. आणि भटूआप्पांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी नेलं आणि ज्या आवाजात तीस वर्षं थांब्यांची नावं पुकारली त्या आवाजात मिनिटं पुकारायला सुरुवात केली. "पंधरा! ... सोळा! ... सतरा, चला, सतरा!" प्रमिलाबाईंचा हात दुखू लागला तेव्हा डाव रशिदांनी घेतला. बावीसला पारा घसरला, सगळ्यांनी एकदम "अरे अरे" केलं, जहीरभाईंनी तो परत वर आणला. माय उशीला टेकून हे सगळं बघत होती. तिच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला असं मला वाटलं.

"तीस!" भटूआप्पा ओरडले आणि तोंडानं दोन घंट्या मारल्या.

मी दूध गार पाण्यात धरलं, पेला भरला, तिच्या हातात दिला. सहा माणसं तिच्या ओठांकडे बघत होती. तिनं पेला नाकाशी नेला, हुंगला आणि परत माझ्या हातात दिला.

"येन्हा चहा कर," ती म्हणाली. "आलं टाकीसन."

भटूआप्पा सावकाश म्हणाले, "चहामा तं दूध उकाळनं पडी. मंग आपुन अर्धा घंटा—"

"आप्पा," आशा म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, "तिनं काहीतरी मागितलंय."

चार दिवसांत पहिल्यांदा. मी उठलो. त्याच शेगडीवर पातेलं ठेवलं, पाणी, साखर, चहा. आलं प्रमिलाबाईंनी घरून आणून ठेचलं. तीस मिनिटं जपलेलं ते दूध मी स्वतःच्या हातानं त्यात ओतलं आणि ते उकळताना बघत राहिलो. एक उकळी आली, दुसरी आली.

माय तो बशीत ओतून, फुंकर घालून प्यायली. अख्खा कप. मग बिस्किट मागितलं, तेही बुडवून खाल्लं. आशानं बाहेर जाऊन गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं. पुढे दोन दिवसांनी पेशी वर चढू लागल्या. डॉक्टर म्हणाले, सातव्या-आठव्या दिवशी त्या आपोआपच चढतात. गल्ली म्हणते, कच्चं दूध आधीपासून पोटात होतं म्हणून चढल्या. माय काय म्हणते ते ती कुणाला सांगत नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी तिनं रिकामा कप पुढे केला. "आखो कर," ती म्हणाली. "या बठ्ठासले बी दे. कव्हयना उभा शेतस."

यंत्रातलं दूध संपलं होतं. रशिदांची किटली तेवढी तशीच भरलेली होती. प्रमिलाबाई ती उचलून थेट पातेल्यात ओतायला निघाल्या होत्या, चहाच तर करायचा होता. मी त्यांच्या हातातून किटली घेतली, यंत्राचा डबा विसळला, दूध त्यात ओतलं आणि झाकणातून तापमापक खाली सोडला.

"आप्पा," मी म्हणालो, "घड्याळ लावा."